चोर अडवणं वॉचमनचं काम? एका प्रतिक्रियेला उत्तर

आर्किटेक्ट मंडळींच्या उजळणी-अभ्यासक्रमात इमारतीच्या सुरक्षेसाठी दरवर्षी निदान एक पूर्ण दिवस हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: "चोर अडवणं वॉचमनचं आणि सीसीटीव्हीवाल्यांचं काम. आम्ही आधीच पार्किंग आणि फायर एनओसीत पिचलोय, त्यात हे आणखी एक सर्टिफिकेट. आणि तुमचं ऐकलं तर प्रत्येक सोसायटीचा तुरुंग होईल."

सर्टिफिकेटबद्दल तुमचं बरोबर आहे. कॅमेरा विकणाऱ्याने जेवणाआधी तासभर स्लाइड दाखवायच्या, सह्या घ्यायच्या, ग्रुप फोटो काढायचा, याला मी शिक्षण म्हणत नाही. अमेरिकेत एआयए या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या सभासदाला वर्षाला १८ तास शिकावं लागतं आणि त्यातले १२ आरोग्य, सुरक्षितता व लोककल्याणाचे असावे लागतात. पण तिथेही बरेच तास माल बनवणाऱ्या कंपन्याच घेतात. तास मोजून काम भागत नाही, हे मान्य.

वॉचमनचं मात्र मला पटत नाही. गेल्या वर्षी एका सोसायटीच्या कमिटीने मला बोलावलं. दुसऱ्या मजल्यावर चोरी झाली होती. मी मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, जाऊन उभा राहिलो. ड्रेनेजचा पाइप भिंतीला चिकटून वर गेलेला, प्रत्येक मजल्यावर पाय ठेवायला छज्जा आणि पाइपापासून हातभर अंतरावर बाथरूमची खिडकी. खिडकीला लूव्हरच्या काचा. त्यातली एक पट्टी मी दोन बोटांनी सरकवून बाहेर काढली, आवाजसुद्धा झाला नाही. वॉचमन गेटवर होता, कॅमेराही गेटवरच. पाइप समोरच्या भिंतीला घेतला असता तर एक रुपयाही जास्त लागला नसता. ती रेघ आपल्यापैकीच कुणीतरी मारली होती.

आणि कमिटीने काय केलं? सगळ्या खिडक्यांना पक्के वेल्ड केलेले पिंजरे बसवले आणि मागच्या जिन्याच्या दाराला रात्री कुलूप. तुम्ही म्हणता तो तुरुंग हाच, आणि तो आपण सुरक्षेचा विचार न केल्यामुळे झालाय. आता आग लागली तर शिडी लावूनही माणूस बाहेर निघणार नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. बाल्कनीत वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडवली होती. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. चोराची भीती आणि आगीची भीती त्या एकाच दारात समोरासमोर येतात. म्हणून हे दोन विषय एकत्रच शिकवायला हवेत, असा माझा आग्रह आहे.

त्या दाराचंच बघा. सुटकेचं दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येतात. साधी बिजागरी असेल तर खिळा ठोकून पिन वर काढायची की दार निघालं. उपाय सोपा आहे: पिन न निघणारी बिजागरी, आतून पॅनिक बार (नुसतं ढकललं की दार उघडणारा आडवा दांडा), बाहेरून हँडलच नाही. मॅग्नेटिक लॉक लावायचं असेल तर वीज गेल्यावर आणि फायर अलार्म वाजल्यावर ते आपोआप सुटलं पाहिजे. यात तुरुंगासारखं काहीच नाही. पण हे दाराच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे ड्रॉइंगसोबतच्या दारांच्या यादीत, लिहिलं नाही, तर साइटवर मिळेल ती बिजागरी लागते.

फ्लॅटच्या मुख्य दाराचंही तसंच. लाथ मारली तर बहुतेक वेळा कुलूप शाबूत राहतं आणि चौकट फुटते, कारण कडी अडकते ती पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर असते.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक या शेजारशेजारच्या सरकारी वसाहतींची तुलना आर्किटेक्ट ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये मांडली. माणसं साधारण सारखी, दाटीही सारखी; पण व्हॅन डाइकच्या उंच इमारतींत गुन्हे जास्त. त्यांचं म्हणणं असं की कमी मजल्यांच्या ब्राउन्सव्हिलमध्ये जिना मोजक्या घरांचा असल्याने लोक त्याला आपला मानत आणि लक्ष ठेवत. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली, तीही वर्गात शिकवायला हवी. पण जिन्यात किती दारं उघडतात, पोर्च कुठल्या खिडकीतून दिसतो, हे वॉचमन ठरवत नाही.

पुढच्या सत्रात आम्ही चौकटीसकट एक खरं दार आणून ते सगळ्यांसमोर फोडणार आहोत. तुमच्या चालू कामाच्या डक्टचं आणि मागच्या जिन्याचं ड्रॉइंग घेऊन या. दुपारी दोन तास फक्त त्यावरच बसू.