भाचा सातवीत आहे

शनिवारी संध्याकाळी ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका दुकानात मी ४,९९९ रुपये मोजून प्लास्टिकचा एक चपटा डबा विकत घेतला, काउंटरवरच उत्साहाने उघडला आणि आत काहीच नव्हतं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, एक चिठ्ठी होती, त्यावर बारा अक्षरं आणि खाली बारीक टायपात अटी.

व्हिडिओ गेमचा डबा होता. कुठला गेम ते सांगत नाही, पण गेले सहा महिने युट्यूबवर कांदाभजीची रेसिपी लावली तरी आधी त्याचीच जाहिरात बघावी लागत होती, त्यातला. ऑनलाइन घेता आला असता, पण मी मुद्दाम दुकानात गेलो कारण वस्तू हातात आल्याशिवाय मला ती घेतल्यासारखी वाटतच नाही.

"यात डिस्क नाहीये," मी म्हटलं.

"नसते काका आता," एका कानात इअरफोन घातलेला काउंटरवरचा पोरगा म्हणाला. "कोड असतो. घरी जाऊन टाकायचा, डाउनलोड होतो."

"मग डबा कशाला?"

त्याने खरंच दोन सेकंद विचार केला. "ठेवायला," म्हणाला.

इथे विषय संपला असता. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेलो असतो, तशी सवय आहे मला. पण माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते. अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात घडी घातलेली कापडी पिशवी. ते बायकोच्या मोबाईलला काच लावून घ्यायला आले होते आणि काच चिकटून बुडबुडे जाईपर्यंत त्यांना दुसरं काहीही काम नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही काका." (पोरगा मला काका म्हणतो, मी आजोबांना काका म्हणतो, ठाण्यात हे असंच साखळीने वर वर जातं.)

"नाही, रिकामा म्हणालात ना तुम्ही? बघू." असं म्हणून त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, कानाजवळ नेला आणि नारळ हलवून बघतात तसा हलवला. चिठ्ठी आत खुळखुळली. "कागद आहे नुसता," त्यांनी निकाल दिला. "केवढ्याला?"

मी हळू आवाजात किंमत सांगितली. आजोबांनी ती मोठ्या आवाजात परत म्हटली. दुकानात अजून तीन गिऱ्हाईकं होती, तिघंही वळली.

"पाच हजाराला कागद?"

"चार हजार नऊशे नव्याण्णव," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. मी दुकानाची बाजू का घेत होतो?

"आणि परत घेणार नाही हा?"

"सील तोडल्यावर रिटर्न नाही आजोबा," पोरगा म्हणाला.

"अरे पण सील तोडल्याशिवाय रिकामा आहे हे कळणार कसं माणसाला?"

पोरगा गप्प. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इतक्या सोप्या शब्दांत हा मुद्दा मला आयुष्यात मांडता आला नसता. आजोबा आता रंगात आले होते. त्यांनी श्रीखंडाचं उदाहरण दिलं. समज मी श्रीखंडाचा डबा घेतला, आणि घरी उघडला तर आत चिठ्ठी, की चक्का तुमच्या घरीच टांगून ठेवलेला आहे, तेवढा काढून घ्या. चालेल का? पोरगा म्हणाला, आजोबा श्रीखंड डाउनलोड होत नाही. आजोबा म्हणाले, तेच तर म्हणतोय मी. मग दोघंही आपण जिंकलो अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागले.

आणि मग माझ्या बाजूने लढणारा हा एकमेव माणूस माझ्यावरच उलटला.

"मुलासाठी घेतलात का?"

आता इथे सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती? मी बेचाळीस वर्षांचा आहे, टॅक्स भरतो, सोसायटीच्या मीटिंगला जातो. माझ्यासाठी घेतला, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्या तीन गिऱ्हाइकांकडे बघून माझी जीभ आपोआप वळली. "भाच्यासाठी," मी म्हणालो.

"कितवीत आहे?"

"सातवीत."

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डबा डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. "इथे तर अठरा लिहिलंय."

"हो, म्हणजे..."

"सातवीत अठरा वर्षांचा?"

कोणीतरी हसलं. पोरगा नव्हता हसला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र थट्टा अजिबात नव्हती, खरीखुरी काळजी होती. "होतं होतं," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या पुतण्याचंही गणितच राहायचं. तुम्ही खेळ नका देऊ त्याला, शिकवणी लावा." एवढ्यात काच लागली, त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला, आणि जाता जाता डब्यावर टिचकी मारून म्हणाले, "झाकण मात्र घट्ट आहे हां."

माझा खरा भाचा चोवीस वर्षांचा आहे आणि बंगळुरूत नोकरी करतो. रिक्षातून त्याला फोन केला. तो पहिलं वाक्य म्हणाला, "मामा, डबा कशाला घेतलास, ऑनलाइन तेवढ्यालाच आहे." दुसरं वाक्य म्हणाला, "आणि चार महिने थांबला असतास तर अर्ध्या किमतीत आला असता, तोपर्यंत बगही निघाले असते." म्हणजे जो पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे देतो त्याला अर्धा कच्चा गेम, आणि जो थांबतो त्याला अर्ध्या पैशात पूर्ण शिजलेला. खानावळीत असं चाललं असतं का, की पहिल्या पंगतीला कच्चा भात दुप्पट दराने?

या भाच्याला हे सगळं कळतं आणि मला कळत नाही याचा राग येण्याचं खास कारण म्हणजे त्याची आई. डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघं भावंडं काँट्रा नावाचा गेम खेळायचो. बाबांनी व्हीटीला जाऊन मनीष मार्केटमधून व्हिडिओ गेम आणला होता, कंपनीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचं. खूप वर्षांनी कळलं की ती जपानच्या फॅमिकॉमची नक्कल होती, आणि अस्सल फॅमिकॉम बाजारात आला १९८३ मध्ये, म्हणजे तो आणि मी एकाच वर्षाचे. तर काँट्रामध्ये सोय अशी होती की तुमचे लाइफ संपले की बटण दाबून जोडीदाराचा एक लाइफ उचलता यायचा. विचारायचं बिचारायचं नाही. ताईने माझे किती लाइफ खाल्ले याचा हिशोब भाऊबीजेच्या ओवाळणीतून अजून फिटलेला नाही. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, या क्रमाने बटणं दाबली की तीनाचे तीस लाइफ व्हायचे. सतराचा पाढा मला आजही अडतो, हे अडत नाही.

कॅसेट घालायची, बटण दाबायचं, गेम सुरू. नाही झाला तर कॅसेट काढून फुंकर मारायची. त्या फुंकरीने काही होत नाही, उलट ओलाव्याने आतलं तांबं गंजतं असं पुढे वाचलं, पण आमच्याकडे व्हायचं बुवा. काढून परत घालण्यानेच होत असावं. आणि सगळं काही गोड गोड नव्हतं हेही कबूल करतो, नाहीतर आमच्या वेळी असं नव्हतं म्हणणाऱ्या लोकांत माझी गणना होईल आणि त्यासाठी मी अजून लहान आहे. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून दहा-बारा गेम असायचे, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. ॲडॉप्टर इतका तापायचा की त्यावर पापड भाजला असता. सेव्ह वगैरे भानगड नाही, मारिओच्या आठव्या वर्ल्डला पोचलात आणि लाइट गेले की परत पहिल्यापासून, आणि अंधारात रडायलाही लाज. टीव्हीची ट्यूब जाईल म्हणून बाबा अर्ध्या तासाने येऊन मागून टीव्हीला हात लावून बघायचे, ताप बघतात तसा.

पण तो अख्खा मारिओ, १९८५ चा, ४० केबीचा आहे. चाळीस. आज कोणी गणपतीचा फोटो फॉरवर्ड करतं तो याच्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी काय केलं, तर आकाशातला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त ढग पांढरा आणि झुडूप हिरवं. आमची आई एकाच साडीवर दोन ब्लाउज फिरवून दोन लग्नं काढायची, तीच विद्या. इतकी वर्षं खेळूनही मला कधी लक्षात आलं नव्हतं, आणि कळल्यावर राग नाही आला, उलट हात जोडावेसे वाटले.

माझ्या नव्या गेमने सांगितलं, १३२ जीबी. म्हणजे ३२ लाखांहून जास्त मारिओ. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांचं होतं, माणशी एकेक वाटला तरी वर पोतंभर उरतील. शिल्लक वेळ, २६ तास. रात्री वर्क फ्रॉम होमवाला शेजारी झोपला की १९ तास, सकाळी घरातलं कार्टून सुरू झालं की परत ३१. मी रविवारभर त्या आकड्याकडे सेन्सेक्स बघितल्यासारखा बघत बसलो होतो. मधे बायको येऊन म्हणाली, "हाच गेम आहे का?"

त्याआधी अकाउंट उघडून घेतलं होतं. कन्सोलचं वेगळं, गेमच्या कंपनीचं वेगळं, दोन्हीकडे ओटीपी. जन्मतारीख टाका. वर्षांचं चाक २०२६ वर उभं, आणि मला जायचं १९८३ ला. अंगठ्याने ढकलतोय, ढकलतोय, २०१० गेलं, १९९९ गेलं, गाडी आपली उतारावर चाललीये आणि मी मधल्या एकेका स्टेशनवर कोण कोण उतरलं ते आठवतोय. शेवटी चाक सुटलं आणि १९३१ वर जाऊन थांबलं. मी तसंच ठेवलं. आता ते मला कसलीच ऑफर पाठवत नाहीत.

आणि एवढं करून तो गेम माझा नाहीच. चिठ्ठीवरच्या बारीक टायपात तेच होतं, तुम्हाला वापरायची परवानगी दिलेली आहे, कधीही काढून घेऊ. हे नुसतं लिहायला म्हणून नसतं. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे ज्यांनी पैसे मोजून घेतला होता त्यांच्याकडेही तो चालायचा बंद झाला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडेसुद्धा. म्हणजे डब्यात डिस्क असती तरी मी काही फार वाचलो असतो असं नाही, हे आजोबांना सांगायला पाहिजे होतं. माझी मनीष मार्केटची चोरटी कॅसेट माळ्यावर पडून आहे, ती बंद करायला कोणाला तरी शिडी लावून यावं लागेल. चोरीचा माल कायमचा आणि पावतीचा माल भाड्याचा, हे मला अजून पचलेलं नाही. विनोद करायला बसलो होतो आणि हे लिहिताना खरंच डोकं फिरतंय.

वर गेम घेतल्यावरही आतल्या वस्तू वेगळ्या विकणं संपतच नाही. २००६ मध्ये एका गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकायला काढलं तर जगभर लोकांनी खिल्ली उडवली होती. घोडा पुरवता आणि चिलखताचे पैसे मागता? आज कोणी हसत नाही. भाचा म्हणतो, "मामा, ते फक्त दिसायला आहे, नको असेल तर घेऊ नकोस." शांतपणे म्हणतो, जसं मॉलमध्ये पार्किंगचे पैसे देतात तसं.

मारिओलाही फसवायचे, तसं बघायला गेलं तर. किल्ला पार करायचा, राक्षसाला लाव्हात पाडायचं, आणि आत गेलं की एक मशरूमच्या टोपीवाला उभा, राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात वेळा हेच. सात रिकामे डबे. पण एकाही दारावर त्याला जन्मतारीख विचारली नाही.

डाउनलोड सोमवारी रात्री संपलं. मी दिवे मालवले, उशी घेतली, ताटलीत चिवडा घेतला. गेमने स्क्रीनवर सांगितलं, नवीन अपडेट उपलब्ध आहे, १८ जीबी.

मंगळवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर राममारुती रोडच्या कोपऱ्यावर तेच आजोबा, तीच पिशवी, आज आत कोथिंबीर. मी दुसरीकडे बघितलं पण त्यांनी ओळखलंच.

"काय हो, भाचा खूश का?"

"हो, हो."

"आणि अठरा पूर्ण झाली का त्याला?"

"डाउनलोड होईपर्यंत होतील," मी म्हणालो.