जुनं इंटरनेट परत नको, छोटं पाहिजे

गेलं वर्षभर रात्री जेवणं उरकली की मी एका उद्योगाला बसतो. त्यावरून घरी आणि कट्ट्यावर पोटभर टोमणे खाऊन झालेत, म्हणून आज एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी आणि काही दोस्त मिळून नेहमीच्या वेबच्या बाहेर एक बारकी जागा बांधतोय. जेमिनी नावाचा एक प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत, आहे (गूगलच्या एआयशी त्याचा काडीचा संबंध नाही, हा त्याच्या आधीचा, २०१९ सालचा), त्यावर मराठी पानं. जाहिरात नाही, लाईक नाही, व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. आणि हे सगळं मी तुम्हाला फेसबुकवर सांगतोय, हे मलाही कळतंय. माणसं इथं आहेत तर इथंच सांगणार की.

लोक ह्याला ‘रेट्रो’ म्हणतात, तिथं माझं जमत नाही.

इंग्रजीत ह्या छंदाची जी मंडळी आहेत त्यांना खरोखर काहीतरी आठवतं. १९९४ ला जिओसिटीज सुरू झालं, कुणीही फुकटात आपलं पान काढायचं, पानांच्या वस्त्या असायच्या, त्यांना हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली अशी नावं. १९९९ ला याहूनं ते विकत घेतलं आणि २००९ ला बंद केलं. त्या काळाबद्दल त्यांनी गळा काढला तर समजू शकतो. पण आपण काय आठवायचं? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत विंडोज ९८ वर मराठी पान उघडलं की आधी ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी यायची. कॅफेवाला फॉन्ट टाकू द्यायचा नाही, व्हायरसच्या भीतीनं. मग पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी दिसायची. प्रत्येक साईटचा फॉन्ट वेगळा, एकाचा मजकूर दुसऱ्यात टाकला की पुन्हा खिचडी. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज २००० पासून, आणि कॅफेतल्या मशीनपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवर साध्या घरगुती पानांचा जमाना उतरणीला लागला होता. मराठी माणूस मोठ्या संख्येनं मराठीत टाईप करायला लागला तो थेट ऑर्कुट, फेसबुक आणि मग व्हॉट्सॲपवर. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीला छोटा वेब कधी मिळालाच नाही. जे नव्हतंच ते परत काय आणायचं, नव्यानं बांधायला लागणार.

आता हे चालतं कसं ते सांगतो. वेबच्याच सुमाराचा गोफर नावाचा एक प्रोटोकॉल होता, १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेला. नुसते मेनू आणि मजकूर. तो एकेकाळी वेबच्या पुढं होता. १९९३ ला विद्यापीठानं गोफर सर्व्हरसाठी परवाना फी घ्यायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्ननं (वेब जिथं जन्मला ती युरोपातली संशोधन संस्था) वेब सगळ्यांना मोफत खुला केला. गोफर मागं पडायला तेवढंच कारण नव्हतं, मोझॅकसारखा चित्रं दाखवणारा ब्राउझरही त्याच वर्षी आला. पण फीच्या बातमीनं लोक बिथरले ते बिथरलेच.

जेमिनी हा गोफर आणि वेब यांच्या मधला. ब्राउझर सर्व्हरला एक पत्ता पाठवतो, जास्तीत जास्त १०२४ बाइट. सर्व्हर दोन आकडी कोड पाठवतो, २० म्हणजे ‘सापडलं, घ्या’, ५१ म्हणजे ‘नाही’. मग मजकूर, आणि लाईन बंद. कुकी (वाचकाची ओळख ठेवणारी नोंद) नाही, स्क्रिप्ट (पानात चालणारा प्रोग्राम) नाही. पानात फोटो थेट दिसत नाही. फोटोची लिंक देता येते, बघायचा असेल त्यानं दाबावी. लिंकसुद्धा वाक्याच्या मधे घालता येत नाही, तिला स्वतःची वेगळी ओळ लागते. सुरुवातीला मला ह्याचा राग यायचा. आता वाटतं, ह्यानं लिहिणं सुधारतं, कारण ‘इथे क्लिक करा’ म्हणून सुटता येत नाही, वाक्य पुरं करावंच लागतं.

मला ह्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ही चौकट मुद्दाम बंद ठेवलीय ते. वेबमध्ये पाहिजे ते वाढवता येतं, म्हणून तर तो एवढा पसरला, आणि म्हणूनच साधी बातमी वाचायला दोन-तीन एमबी उतरवायला लागतात. जेमिनीत नवीन काही घुसवायची फटच ठेवलेली नाही. ‘अरे मग साधं एचटीएमएल (वेबची पानं लिहायची भाषा) लिही की’ असं एका शहाण्या मित्रानं सुनावलं. मुद्दा चांगला आहे. पण माझं पान हलकं असलं तरी त्यावरची लिंक दाबली की वाचक परत त्याच जत्रेत. इथं पुढचं पानही हलकं आणि त्याच्या पुढचंही.

आता कोल्हापुरात ह्याचा उपयोग काय?

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या प्रत्येकाच्या तोंडी दोन आकडे असतात: पंचगंगेच्या पुराचे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आणि प्रत्येक ग्रुपवर पाणीपातळीचे फोटो फिरत असतात, ज्यावर ना तारीख ना वेळ. २०१९ चा फोटो २०२१ ला फिरला आणि २०२१ चा अजून फिरतोय. आमच्या जागेवर एक पान आहे. प्रशासन जाहीर करतं ते आकडे आमच्यातला एकजण हातानं टाईप करतो: तारीख, वेळ, फूट, इंच, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे. आठवड्याभराचा मजकूर दोन केबीत बसतो. सुरक्षित जोडणीचा थोडा बोजा धरला तरी रेंजची एक कांडी असताना उघडतं. टॉवरच बंद पडला तर काहीच चालणार नाही, हे पण सांगून ठेवतो, उगाच चमत्कार विकायचा नाही.

दुसरं पान माझं लाडकं. उद्यमनगरात आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये एक टर्नर (लेथ मशीनवर काम करणारे) मामा आहेत, त्यांच्याकडं एक वही आहे, तेलानं काळी झालेली. बोल्टच्या कुठल्या आट्याला कुठलं ड्रिल, मिलिमीटरमध्ये: एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२. त्याच्याच खाली त्यांच्या स्वतःच्या नोंदी, बिडाला टॅप मारताना (भोकात आटे पाडताना) काय करायचं, स्टेनलेसला काय करायचं नाही. ड्रिलचे आकडे नेटवर शंभर ठिकाणी मिळतात, पण त्या नोंदी कुठं मिळणार? मामांनी सांगितलं, मी टाईप केलं, त्यांनी वाचून दोन ठिकाणी मला झापलं. आता शॉपमधली पोरं मोबाईलवर ते पान उघडतात. हात ग्रीसनं भरलेले असताना पॉप-अपची बारकी फुली दाबायला लागत नाही, ह्याचंच त्यांना जास्त कौतुक.

अडचणी भरपूर आहेत. मला सर्व्हर घरीच ठेवायचा होता, जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) होता आणि वीज नगण्य लागते. पण घरच्या कनेक्शनला स्वतःचा आयपी पत्ताच नाही. कंपनी एका पत्त्यामागं ढीगभर घरं बसवते. आपण आतून बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आपलं दार सापडत नाही. वेगळा पत्ता मागितला तर ‘बिझनेस प्लॅन घ्या’. शेवटी भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला. स्वतःच्या घरातून पान चालवायचं म्हटलं की अडवणूक प्रोटोकॉलची नसते, ह्या असल्या गोष्टींची असते, आणि त्यावर ह्या छंदातली बाहेरची मंडळी फारशी बोलत नाहीत, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ती अडचण येतच नसावी.

देवनागरीची वेगळीच गंमत. जेमिनीत मजकूर मुळातच यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) धरला जातो, त्यामुळं फॉन्टची जुनी खिचडी नाही, ही फार मोठी गोष्ट. पण तक्ता करायला गेलं की रडायची पाळी. तक्ते तिथं समान रुंदीच्या अक्षरांत मोकळ्या जागा सोडून करतात. इंग्रजी अक्षरं त्या खणात गुपचूप बसतात. आपल्याकडं काना, वेलांटी, जोडाक्षर आलं की रकाने दारू प्यायल्यासारखे चालतात. पाणीपातळीचा तक्ता आम्ही शेवटी सोडून दिला, एका नोंदीला एक ओळ. आणि पत्त्यात मराठी नाव वापरावं म्हटलं तर ‘पंचगंगा’ एवढा एक शब्द ६३ बाइटचा होतो, आणि दिसतो टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला. म्हणून फायलींची नावं नाइलाजानं रोमनमध्ये.

आणखी एक खटकतं. जेमिनीवरची इंग्रजी पानं चाळा, त्यातली कितीतरी जेमिनीबद्दलच असतात. ब्राउझर कसा बनवला, सर्व्हर कसा लावला, वेब कसा वाईट. अरे, झालं की बांधून, आता आत काहीतरी ठेवा! म्हणून आमच्यात एक नियम केलाय: प्रोटोकॉलबद्दल पान काढायचं नाही. आट्यांवर लिहा, गुऱ्हाळावर लिहा, खासबागेत पाहिलेल्या कुस्तीवर लिहा, आजीच्या कांदा-लसूण मसाल्यात धणे किती ते लिहा.

वाचक किती? माहीत नाही, आम्ही मोजतच नाही. ओळखीतली काही माणसं वाचतात हे भेटल्यावर कळतं, कारण ती चुका काढतात.

बघायचं असेल तर संगणकावर लाग्रांज नावाचा ब्राउझर टाका, फुकट आहे. पत्ता इथं उघड टाकत नाही, इनबॉक्समध्ये विचारा. आणि कुणाला पान काढायचं असेल तर मजकूर साध्या टेक्स्टमध्ये, युनिकोडमध्ये पाठवा. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो चालेल, टाईप मी करीन. फक्त ‘शुभ सकाळ’ पाठवू नका, भावांनो.