सव्वाअकरा घनफूट

उंदीर या विषयावर कोकणात कोणालाही विचारा, माणूस तज्ज्ञच निघतो. माडाच्या खोडाला पत्र्याचा पट्टा किती उंचीवर मारायचा, भाताची कणगी भिंतीपासून किती लांब ठेवायची, सुकं खोबरं कुठल्या डब्यात टिकतं आणि कुठल्या डब्याचं झाकण रात्रीत उचकटलं जातं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. मालवणच्या बाजारात उंदीर मारायची, पकडायची, चिकटवायची आणि पळवायची सोय एकाच दुकानात होते. पण ही सगळी विद्या एका दिशेची. उंदीर बाहेर कसा ठेवायचा, एवढंच तिला ठाऊक. तो आत कसा ठेवायचा, आणि आत असताना त्याला बरं कसं वाटेल, हा प्रश्न आमच्या पंचक्रोशीत पहिल्यांदा उपस्थित केला तो आमच्या चिरंजीवांनी.

चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला. शिमग्याला घरी आले ते पोपटाचा एक पिंजरा घेऊन, वर टॉवेल टाकलेला. टॉवेलाखाली दोन उंदीर, दोन्ही माद्या. एक सबंध पांढरी, लाल डोळ्यांची, तिचं नाव आंबोळी. दुसरीचं डोकं नि खांदे काळे, पाठीवर काळा पट्टा, बाकी पांढरी, ती वाटाणी. हॉस्टेलात प्राणी चालत नाहीत हे हॉस्टेलला उशिरा कळलं होतं आणि आता परीक्षा होईपर्यंत या दोघी आमच्याकडे राहणार होत्या. 'परीक्षा होईपर्यंत' हे शब्द ऐकून आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. याच शब्दांवर आमच्याकडे एकदा एक गिटारही आली होती. ती अजून माळ्यावर आहे.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, गणिताचे निवृत्त मास्तर. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. उंदरांशी त्यांचं वैर तिसऱ्या पिढीचं आहे. घरात उंदीर मरून पडायला लागले की माणसं घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत, या प्लेगच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकलेल्या. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि पळणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव पोचला, हे ते तारीखवार सांगतात.

"आजोबा, गणपतीचं वाहन आहे," चिरंजीव म्हणाले.

"वाहन आहे ना? मग पार्किंग बाहेर."

बाहेर शक्य नव्हतं. पडवीत मांजर, आणि मांजर परवडली म्हणावी अशी एक धामण आमच्या आगरात मुक्कामाला असते. शिवाय तो पोपटाचा पिंजरा. त्याच्या गजांमधून वाटाणीने पहिल्याच संध्याकाळी डोकं बाहेर काढून दाखवलं, आणि उंदराचं डोकं गेलं की उरलेला उंदीर जातोच. हे वाक्य मी आप्पांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय, पण तेव्हा त्याचा अर्थ 'फट बुजव, नाहीतर तो आत येईल' असा होता.

चिरंजीव पुण्याला परत गेले आणि तिथून व्हॉइस मेसेज सुरू झाले. बाबा, दर उंदरामागे दोन ते अडीच घनफूट जागा लागते. बाबा, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको. बाबा, जाळीची जमीन चालत नाही, तळपायाला फोड येऊन ते चिघळतात. बाबा, एकटी कधी ठेवू नका, ती खंगते. अडीच घनफूट ऐकून मला गिरगावातल्या काकांची दहा बाय दहाची खोली आठवली. गावाहून परीक्षेला, दवाखान्याला आणि नोकरी शोधायला आलेली मंडळी धरून तिथं जेवढी माणसं झोपत, त्यांच्या वाट्याचे घनफूट कोणी काढले नव्हते.

विकतचा पिंजरा बघायला मी कोल्हापूरपर्यंत गेलो. प्राण्यांच्या दुकानात लव्हबर्डचे पिंजरे होते, सशाचे होते, आणि हॅमस्टरसाठी गुलाबी प्लॅस्टिकची एक हवेली होती, तिला नळ्या, जिने आणि गच्ची. आंबोळी त्या नळीत शिरली असती तर कुऱ्हाडीनेच काढावी लागली असती. ऑनलाइन मिळणाऱ्या चांगल्या पिंजऱ्यांनी आमचा पिनकोड बघितला आणि माघार घेतली. शेजारच्यांनी माशांची जुनी काचेची टाकी देऊ केली, वर झाकण टाका म्हणाले. पुण्याहून तात्काळ मनाई आली. काचेच्या टाकीत हवा खेळत नाही, मुताचा अमोनिया आतच साठतो, आणि या प्राण्याची फुफ्फुसं मुळातच नाजूक, श्वासाचे विकार त्याच्या पाचवीला पुजलेले. गावात जनावरांचे डॉक्टर आहेत, पण त्यांचा अनुभव गाय आणि म्हैस. उंदराच्या छातीला लावायला त्यांच्याकडे स्टेथोस्कोप कुठून असणार?

तेव्हा पिंजरा बनवून घ्यायचा ठरलं, आणि इथं आप्पांनी सूत्रं हाती घेतली. त्यांना उंदरांचा कळवळा आला असं कोणी समजू नये. मी जेवताना सहज म्हणालो, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारून टाकू. आप्पांचा घास हातातच राहिला.

"कोंबडीची जाळी? ती षटकोनी? अरे, ती तार रात्रीत कातरून ठेवतील. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, झिजवायला काहीतरी लागतंच त्यांना. आणि सपाट जागी तो दात लावत नाही. कड शोधतो, कोपरा शोधतो. तू काय शोधलंस?"

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात आप्पा स्वतः आले. खिशातून त्यांनी एक सुपारी काढली, अख्खी, साल काढलेली. दुकानदाराने एक इंची जाळीचा रोल समोर टाकला. आप्पांनी सुपारी त्यातून घातली, ती पलीकडे टपकन पडली. पाऊण इंचीत ती अडकली. दुकानदार म्हणाला, ही बसली बघा. आप्पांनी अंगठ्याने सुपारी दाबून धरली, तार किंचित वाकली, सुपारी कुरकुरत सरकली आणि पलीकडे गेली. "बसली नव्हती," आप्पा म्हणाले, "विचार करत होती." अर्धा इंची वेल्डेड जाळीवर सुपारी नुसती टेकून राहिली. तरी त्यांनी रोल उलगडून तीन-चार ठिकाणी ती फिरवली, कारण कारखान्यात एखादा टाका सुटलेला असतो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती, पण रांगेतल्या अर्ध्या लोकांना आप्पांनी त्रैराशिक शिकवलेलं. कोण बोलणार?

फॅब्रिकेशनवाला भाऊ कपाळाला हात लावून बसला. "मास्तर, माझ्या घरात आसत तितके उंदीर न्हेवा, फुकट. इतको खर्च कित्याक?" आप्पांनी त्याच्या फरशीवर खडूने आकृती काढली. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, तीन फूट उंच, म्हणजे सव्वाअकरा घनफूट. दोघींना पाच पुरले असते, पण पाच आप्पांना पटले नाहीत. जागा कमी पडली की प्राणी बाहेरचा रस्ता शोधतो, भरपूर असली की आळसावतो, असं त्यांचं म्हणणं. तीन मजले, तेही भरीव पत्र्याचे, म्हणजे वरून निसटली तर थेट तळाला आपटणार नाही. दार असं की माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जावा, नाहीतर साफसफाई कोण करणार. जाळीच्या कडा आत दुमडून त्यावर पट्टी, दाताला कोपरा मिळता कामा नये. सरकता बोल्ट नको, नाकाने ढकलून उघडतात, त्यापेक्षा कडी आणि कडीत आकडा. जस्ताचा मुलामा उघडा ठेवला तर तो मुताचा वास धरतो असं पुण्याहून कळलं होतं, आणि आमच्याकडे खारा वारा वेल्डिंगचे टाके आधी खातो हे आप्पांना ठाऊक होतं. म्हणून सगळा सांगाडा पावडर कोटिंगला कुडाळच्या एमआयडीसीत गेला. तो परत आल्यावर आमची ही एवढंच म्हणाली, "माझ्या मिक्सरला अजून स्वतंत्र प्लग नाही, आणि यांना तीन मजले."

मधल्या काळात चिरंजीवांनी फोनवर आजोबांना इतिहास सांगितला. हे पाळीव उंदीर ज्या जातीचे, तिचं शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस, आणि ते पाळायची हौस वाढली ती इंग्लंडात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्यांत वेगळ्या रंगाचे सापडले की तो ते मारायचा नाही, वाढवायचा आणि विकायचा. पुढे तिथल्या हौशी मंडळींनी १९७६ मध्ये राष्ट्रीय संघटनाही काढली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मारायला ठेवलेला माणूसच दुकान थाटून बसला," ते म्हणाले. "त्याचे पिंजरे चांगले असणार."

आता तो ठेवायचा कुठे? तापमान तिशीच्या पुढे गेलं की या जातीला सोसत नाही. घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे शेपटी कितीही लांब असली तरी पुरणार नाही. स्वयंपाकघर धुरामुळे बाद, पश्चिमेची खोली उन्हामुळे बाद, पुढची खोली पाहुण्यांमुळे बाद. घरात थंड जागा एकच. माजघर, जाड चिऱ्याच्या भिंतींचं, शहाबादी फरशीचं, जिथं आप्पा दुपारी वामकुक्षी करतात. चार दिवस चर्चा झाली आणि पाचव्या दिवशी आप्पांची आरामखुर्ची दोन हात सरकली. लाईट गेली की (आणि मे महिन्यात ती जातेच) बर्फाची बाटली पंच्यात गुंडाळून पिंजऱ्यात जाते, तिला टेकून दोघी पसरतात. दुसरी बाटली आप्पांच्या उशाशी.

आतली मांडणी हा वेगळाच संसार. दुकानातला लाकडाचा भुसा चालत नाही, देवदार-पाइनचा तर मुळीच नाही, त्याच्या वासाने छाती बिघडते. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या. चाक बारा इंचांहून लहान नको आणि आऱ्यांचं नको, शेपूट अडकते. ते भाऊने मनावर घेऊन गुळगुळीत पत्र्याचं केलं. करवंट्या कुरतडायला. झोपायला झुला हवा होता, पुण्यात म्हणे तो शिवून मिळतो. आप्पा माळ्यावर गेले आणि काथ्याचं जुनं शिंकाळं घेऊन आले. त्यांच्या आईने दह्यादुधाला उंदीर लागू नये म्हणून ते आयुष्यभर छताला टांगून ठेवलं होतं. त्यात आता आंबोळी झोपते, एक पाय बाहेर टाकून. वाटाणीला काथ्या आवडला, तिने खालची एक दोरी कातरून पट्ट्यांच्या ढिगात नेऊन ठेवली. आप्पांनी गाठ मारली. रोज रात्री ती सोडते, रोज सकाळी ते मारतात.

पावसाळा लागला तसा एक जुना प्रश्न वरून आला. आमच्या कौलांखाली वाशांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे उंदीर आहेत, माडावर चढणारे, काळपट, सडपातळ. त्यांची जात वेगळी, रॅटस रॅटस, त्यामुळे सोयरीक जुळायची भीती नाही. पण एका रात्री आप्पांनी टॉर्च मारला तर त्यातला एक वाशावर बसून खालचे तीन मजले टक लावून बघत होता. पावसात आमच्याकडे लेप्टोचा ताप असतो, आणि तो उंदराच्या मुतातूनही पसरतो. वरून खाली काय पडेल याचा नेम नाही. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यावर उतरतं छप्पर आलं, चारी बाजूंनी तीन इंच बाहेर काढलेलं, पन्हळीसकट.

ऑगस्टात चिरंजीवांचा फोन आला. मित्राबरोबर फ्लॅट घेतलाय, मालकांची हरकत नाही, गणपतीत येतो आणि दोघींना घेऊन जातो. फोन आप्पांनी मागून घेतला.

"खोली केवढी?"

"दहा बाय नऊ, आजोबा."

"खिडकी कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला."

"पंखा?"

"आहे, पण आवाज करतो."

"तू राहा तिथं. या इथेच राहतील."

"आजोबा, तुम्हाला तर उंदीर बघवत नाहीत."

"अजूनही बघवत नाहीत," आप्पा म्हणाले. "पण तूच म्हणालास ना, या दोन-तीन वर्षं जगतात? समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. माझी जाळी तेवढी टिकते की नाही, ते मला बघायचंय."