अहिल्याबाईंची मंदिरे आणि सरकारी तिजोरी : एक खुलासा

"अहिल्यादेवी होळकरांनी राज्याची तिजोरी रिकामी करून देशभर देवळं आणि घाट बांधले" असा मजकूर सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

होळकरांकडे पैशाचे दोन वेगळे हिशेब होते. एक दौलतीचा, म्हणजे फौज, मुलकी कारभार आणि पेशव्यांचं देणं. दुसरा खासगीचा, म्हणजे घराण्यातल्या राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. 1734 मध्ये बाजीराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे काही गावं आणि महाल (म्हणजे महसुलाचे विभाग) खासगी म्हणून लावून दिले. त्याची सनद आहे आणि होळकरशाहीच्या छापील कागदपत्रांत ही वाटणी स्पष्ट दिसते. 1761 मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाच्या मंदिरासारखी धर्मकार्यं झाली ती मुख्यतः या उत्पन्नातून.

उलट दौलतीलाच खासगीकडून मदत व्हायची. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर होता. मोहिमेवरून ते पैसे मागत, आणि बाई रकमेसोबत हिशेबही मागत. या बाबतीत त्या फार कडक होत्या, आणि मला त्यांचा हा गुण देवळांइतकाच मोठा वाटतो.

खासगीचा पैसाही शेवटी रयतेच्या साऱ्यातूनच यायचा, हे खरंच. म्हणून "स्वकमाईतून बांधले" हा दुसरा मेसेजही तितकासा बरोबर नाही. दोन्ही मजकूर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर आधीच टाकले असतील तिथे हा खुलासा टाका.