सहा महिने पेज? कोण म्हणालं?

रविवारी सकाळी गिरगावातून आत्याचा फोन. "अगं, मंगळवारची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. या वयात सहा महिने पेज पिऊन राहू का मी?" मागोमाग तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: इम्प्लांटआधी (म्हणजे जबड्यात रोवायच्या कृत्रिम दाताआधी) बोन ग्राफ्ट केलं, म्हणजे झिजलेल्या जबड्यात हाडाचे दाणे भरले, की सहा महिने घट्ट खाणं बंद, जगणं नकोसं होतं. ते हाड गाईचं, त्याचा डीएनए आपल्या रक्तात जातो. मेंदूची नस दुखावते. सगळा बिल फुगवायचा धंदा. त्यापेक्षा कांडवेलीचं चूर्ण दुधातून घ्या, तीन महिन्यांत जबड्याचं हाड भरून येतं.

सहा महिन्यांचं आधी घेते, कारण आत्या घाबरली ती त्यालाच. चार ते सहा महिने लागतात ते हाडाला, माणसाला नाही. भरलेल्या दाण्यांच्या आधाराने स्वतःचं हाड तयार व्हायला तेवढा वेळ जातो आणि तेवढ्या काळात माणूस जेवतो, बोलतो, लोकलने फिरतो. सूज आणि दुखणं सगळ्यात जास्त पहिले दोन-तीन दिवस, मग आठवड्याभरात ओसरतं. तेवढे दिवस मऊभात खायचा, त्या बाजूने चावायचं नाही. माझ्या ऑफिसातला एक जण शुक्रवारी करून आला आणि सोमवारी गालात लाडू धरल्यासारखा तोंड करून कामावर हजर. मोठ्या ग्राफ्टसाठी कमरेचं हाड काढतात तेव्हा काही आठवडे लंगडावं लागू शकतं, हे कबूल. पण आत्याचे दोन दात बसवायचेत, अख्खा जबडा नाही.

आणि 'जगणं नकोसं होतं' म्हणताना मोजलं कशाने? दंतवैद्यकात त्यासाठी ओएचआयपी-१४ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, गॅरी स्लेड यांनी १९९७ साली मांडलेली. १४ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरीज ५६ पर्यंत. आकडा जितका मोठा, तितके हाल जास्त. मी फोनवरच आत्याला एकेक प्रश्न विचारत गेले. खाताना त्रास? "शेंगदाण्याचा कूट कवळीखाली गेला की डोळ्यांत पाणी येतं." जेवण अर्धवट सोडावं लागतं? "लग्नाकार्यात पंगतीला बसतच नाही आताशा." लाजल्यासारखं होतं? यावर ती गप्प बसली. भाचीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिचा पदर तोंडावर आहे. बेरीज २९ झाली, तीही ग्राफ्टचा एक दाणा तोंडात जायच्या आधी. फॉरवर्डवाल्याने हा हिशेब धरलाच नाही. आता हेही खरं, की नुसत्या ग्राफ्टने हा आकडा खाली येत नाही. पहिला आठवडा तो उलट वरच चढतो. उतरतो तो दात बसून चावायला लागल्यावर.

गाईचं हाड? अर्धं खरं आहे, आणि इथे मला डॉक्टरांचाही राग येतो. बऱ्याच ठिकाणी वापरतात ती पावडर गोवंशाच्या हाडाचीच असते. तिच्यातला सेंद्रिय भाग काढून टाकतात आणि खनिजांचा सांगाडा तेवढा उरतो, त्यामुळे डीएनए रक्तात मिसळायची भाकडकथा सोडून द्या. पण माळ घातलेल्या बाईला हे आधी सांगायला नको? प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणेही मिळतात. मागायचे.

मेंदूची नस वगैरे काही नाही. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते, तिला धक्का लागू शकतो, म्हणून तर आधी स्कॅन काढतात. आत्याचे दात वरचे आहेत.

बिलाचं म्हणाल तर, प्रत्येकाला ग्राफ्ट लागत नाही. काही जणांचं आखूड इम्प्लांटवर भागतं. स्कॅनवर हाड किती मिलिमीटर उरलंय ते दाखवायला सांगा. शंका असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे.

पण कांडवेल! लोकांचं खरं वाटोळं करणार ती हीच. दात काढल्यावर ६ महिन्यांत त्या जागच्या हाडाची रुंदी २९ ते ६३ टक्के घटते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलंय. ते हाड दुधातल्या चूर्णाने परत उगवत नाही. चूर्ण घेत बसलेला माणूस डॉक्टरकडे वर्षाने जातो, तोवर छोट्या ग्राफ्टचा मोठा झालेला असतो. आणि जे विचारायला हवं होतं त्याचा फॉरवर्डमध्ये शब्द नाही: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी चालू आहे का? त्यातल्या काही औषधांवर क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड मरतं. साखर किती? तंबाखू? आत्या ती गोळी गेली दोन वर्षं घेतेय आणि डॉक्टरांना सांगितलेलं नाही. "दाताच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?"

आता गुरुवारची वेळ घेतलीय. कालनिर्णयच्या पानावर तिने दोन ओळी लिहून ठेवल्यात: 'गोळीचं पाकीट नेणे' आणि 'पावडर कुठल्या जनावराची'.