27 किलोमीटरचा देश

भूमध्य समुद्रातल्या माल्टाचं मुख्य बेट 27 किलोमीटर लांब. दादर ते ठाणे, वर थोडंसं, की संपलं राष्ट्र. अशा ठिकाणी माणसाला कुठेही पोचायला उशीर होतोच कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मंगळवारी समजावणारा भेटला.

त्याआधी झालं ते एवढंच. मोस्ता गावातल्या स्टॉपवर मी बसला हात केला. नीट, खांद्याच्या वर. इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही. बसनं वेग कमी केला नाही. ड्रायव्हरनं जाता जाता पंजा उडवून ‘मागची घ्या’ अशी खूण केली. मागचीनंही तेच केलं. तिचा ड्रायव्हर आपल्याकडचा निघाला, त्यानं खिडकीतून वर ऐकवलं, “मॅडम, जगह नहीं है!” साता समुद्रापार येऊन हिंदीत झिडकारलं गेलं की जरा जास्तच लागतं. राहण्याच्या परवान्यासाठी मला वॅलेटाला, म्हणजे राजधानीत, दहाची वेळ मिळाली होती, आणि ती वेळ मिळवण्यातच उन्हाळा गेला होता.

“श्लोक्क,” बाकावरून आवाज आला.

बाकावर एक आजोबा होते. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सोन्याचा क्रूस, मांडीवर तेलकट कागदात गुंडाळलेले पास्तित्सी, म्हणजे इथले सारण भरलेले खुसखुशीत पॅटिस. श्लोक्क म्हणजे सहाराचा वारा. निघतो कोरडा, पण समुद्र ओलांडून बेटावर येईपर्यंत इतका दमट होतो, की दोरीवरचे कपडे वाळायचे सोडून आणखी ओले होतात. सोबत तांबडी धूळ आणतो ती वेगळीच.

“वाऱ्याचा बसशी काय संबंध?”

“श्लोक्कमध्ये डोकं चालत नाही. ड्रायव्हर झाला तरी त्यालाही डोकं आहेच.”

“काल तर हवा छान होती. कालही बस थांबली नाही.”

“काल मय्यिस्त्राल होता. वायव्येचा. त्यात सगळे घराबाहेर पडतात. बस भरणारच.”

“मग बस थांबायला कुठला वारा लागतो?”

आजोबांनी मनापासून विचार केला. “ग्रिगाल. ईशान्येचा. पण ग्रिगाल असला की मी घरात बसतो, तेव्हा खात्री देत नाही. संत पॉलची बोट ग्रिगालनंच फोडली. साठ साली.”

मला आधी 1960 वाटलं. ते इसवी सन 60 म्हणत होते.

“तीन महिने अडकला होता तो इथे, दुसऱ्या बोटीसाठी. कुरकुर केली का? उलट सगळं बेट ख्रिस्ती करून गेला. तू पाऊण तासात वैतागलीस!”

मी फोनमध्ये पाहिलं. पुढची बस ‘दोन मिनिटां’वर होती, आणि बराच वेळ तिथेच होती. आजोबांनी आता चर्चच्या घुमटाकडे बोट केलं. “9 एप्रिल 1942. बॉम्ब घुमट फोडून आत पडला. आत अडीचशेच्या वर माणसं. फुटलाच नाही! माझी आई होती आत.” असेलही. मोस्तात भेटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची आई त्या दिवशी आत होती, आणि तो हिशेब काही अडीचशेत बसत नाही. “बघ, बॉम्बसुद्धा बरोबर प्रार्थनेच्या वेळेला आला. आणि बस...”

मग जुन्या बसगाड्यांचा विषय निघाला. पिवळ्या, बऱ्याचशा ड्रायव्हरच्याच मालकीच्या, पुढे संतांच्या तसबिरी लावलेल्या. 2011मध्ये त्या गेल्या आणि लंडनमध्ये चालून झालेल्या, मधोमध वाकणाऱ्या जोडबस आल्या. या गल्ल्यांत! त्यांतल्या काही पेटल्या, आणि 2013मध्ये त्या रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. कधीकाळी आगगाडीही होती. 1883मध्ये सुरू झाली, 1931मध्ये बंद केली, कारण लोक बसनं जायला लागले होते. हे सांगताना आजोबा हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

एवढ्यात भोंगा वाजला. मी पर्स सावरून उठले, तर गॅसच्या सिलिंडरचा ट्रक. तो प्रत्येक दाराशी थांबत, भोंगा वाजवत, बायकांची ख्यालीखुशाली विचारत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्याला कुणी हात करत नव्हतं.

बसबद्दल इथे तक्रार करायचीही सोय नाही, कारण ती फुकट आहे. ऑक्टोबर 2022पासून रहिवाशांना कार्डावर पैसे पडत नाहीत, आणि तेव्हापासून कुणापुढेही रडगाणं गा, उत्तर ठरलेलं, “फुकट आहे ना?” फुकटची बस महिन्याला केवढ्याला पडते ते टॅक्सीवाल्यांना विचारा.

“आज पाऊस पडेल,” आजोबा म्हणाले, आणि माझ्या पोटात गोळा आला. या बेटावर एकही बारमाही नदी नाही. नळाला येतं त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं, यंत्रातून गोडं केलेलं. बाकीचं चुनखडीच्या पोटातून उपसलेलं. त्यात तुरीची डाळ शिजवून दाखवा, मग बोलू. पण ऑक्टोबरात तासभर सर आली, की नदी नसलेल्या या देशाला पूर येतो. बिर्कीरकारा आणि इम्सीदाचे रस्ते वाहायला लागतात, आणि मला जायचं असतं ते नेमकं तिकडूनच.

“खरं सांगू?” आजोबांनी आवाज खाली आणला. “बस भरतात त्या बाहेरच्यांमुळे. फार झालेत आता.” मग माझ्याकडे बघून घाईनं, “तू नाही हं. तू चांगली आहेस.”

हे ‘तू नाही हं’ मला इथे नेहमी मिळतं, आणि दर वेळी मी कसनुसं हसते. बाहेरचे पुष्कळ आहेत, खरंच आहे; 2021च्या जनगणनेत दर पाचांत एकाहून जास्त. पण बस चालवतो तो बाहेरचा, म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो तो बाहेरचा, इमारतींच्या परांच्यांवर उन्हात भाजतो तो बाहेरचा. त्यानं कामावर जायचं कसं, उडत? आणि 316 चौरस किलोमीटरच्या देशात चार लाखांवर वाहनं आहेत, ती आम्ही विमानात सामानाबरोबर आणली का? हे सगळं मी आजोबांना सांगणार होते. पण त्यांनी तेवढ्यात एक पास्तित्सी माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. तोंड भरल्यावर भांडता येत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

शेवटी टॅक्सी मागवली. म्हटलं, आजोबांनाही न्यावं. “तुम्हाला कुठे सोडू?”

“मला?” ते चकितच झाले. “मला कुठे जायचंय? माझी गाडी आहे की.”

समोर, बस थांबण्यासाठी पिवळ्या रंगानं आखलेल्या जागेत, एक निळी गाडी ऐसपैस उभी होती.

“शनिवारपासून आहे,” आजोबा म्हणाले. “हलवली तर जागा परत मिळायची नाही. म्हणून इथे बसतो, लक्ष ठेवून.”

“मग तुम्हीच सोडा ना मला वॅलेटाला!”

“आणि जागा?”

टॅक्सी आली. कडेला घ्यायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यातच उभी राहिली. मी बसून दार ओढते तोच तिच्या मागे बस येऊन थांबली. अर्धी रिकामी. वाट अडल्यामुळे ड्रायव्हर भोंग्यावरचा हात काढेना. तेव्हा आजोबा तरातरा उठले, टॅक्सीच्या टपावर थाप मारली आणि टॅक्सीवाल्यावर कडाडले, “बस-स्टॉप आहे हा! इथे गाडी उभी करायची नसते, कळत नाही तुम्हा लोकांना?”