चार जादा घोडे

परवाच्या रविवारी सकाळी सव्वासातला यवतेश्वरच्या घाटात एका बाईंनी मला विचारलं, "काका, मदत हवीय का?" विचारलं ते पळत पळत. साताऱ्यात हिल मॅरेथॉन जवळ आली की निम्मं गाव पहाटे या घाटात सरावाला येतं आणि पळणाऱ्याला घड्याळ थांबवायचं नसतं, हे मला मान्य आहे. पण माझं उत्तर यायच्या आत बाई वळणाआड गेल्यासुद्धा. मग विचारायचंच कशाला? शिवाय 'काका'. मी बेचाळीसचा आहे. त्यांच्या मागून पळणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते, त्यांना कुणी काका म्हणत नव्हतं, कारण त्यांच्या अंगात पोपटी बनियन होतं.

मी कठड्यावर बसलो होतो. समोर माझी गाडी उभी होती. इंजिन एका अंगाला कलंडलेलं, चेन खाली लोंबत.

गाडी हीरोची इम्पल्स, २०११ साली बाजारात आली तेव्हाची. उंच, सडसडीत, तारांची चाकं, दगडधोंड्यांतून शेळीसारखी जाणारी. इंजिन १४९ सीसी, घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, तेरा. गाडीत खोट काही नव्हती, मीच ब्याण्णव किलोचा आहे. कासच्या चढाला दुसऱ्या गिअरवर रांगायचा कंटाळा आला आणि कुणीतरी डोक्यात भरवलं की हिच्यात हीरोच्याच मोठ्या गाडीचं, करिझ्माचं, इंजिन बसतं. २२३ सीसी, सतरा घोडे. बऱ्याच पोरांनी जमवलंय. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "होतंय ओ."

'होतंय ओ' हे दोन शब्द ज्या माणसानं ऐकलेत त्याला पुढचं सांगायला नको. फेब्रुवारीत गाडी टाकली, जुलैत हातात आली. मधले पाच महिने 'उद्या' होते. इंजिन भंगारातून आलं. ते खाली बसलं तर फाउंडेशनची, म्हणजे इंजिन चेसिसला जिथं आवळतात तिथली, भोकं जुळेनात, म्हणून जुनी पट्टी कापून नवी वेल्ड केली. भोकं जुळली तर टाकी बसेना. टाकी बसली तर सायलेन्सरचा बेंड थेट माझ्या उजव्या नडगीवर. एअर फिल्टरचा डबा मावलाच नाही, तिथं कोन फिल्टर लावला, तो पावसात शिंकतो. आणि हेडवर एवढीच जागा उरली की टॅपेट सेट करायचे, म्हणजे वाल्व्हची फट जुळवायची, तर आधी इंजिन उतरवायचं. मी म्हटलं, हे जरा अवघड नाही का? मिस्त्री म्हणाले, "टॅपेट काय रोज करतंय व्हय कोन?"

तर घाटात त्या नव्या पट्टीचा बोल्ट तुटला. इंजिन तिरपं झालं, चेन उतरली, आणि चार जादा घोडे घेऊन मी पळणाऱ्यांच्या रस्त्यात शोभेला थांबलो.

नाना तेवढ्यात वरून आले. नाव विचारलं नाही, पण ते नानाच असणार. डोक्याला टोपी, अंगावर दुधाच्या डागांचा रेनकोट, खाली टीव्हीएसची एक्सेल, तिच्या दोन्ही अंगांना भरलेल्या दुधाच्या किटल्या. ती गाडी ९९.७ सीसीची, म्हणजे शंभरालाही थोडी कमीच. तिनं शिट्टी वाजवल्यासारखा ब्रेक मारला.

"काय पावणं, पडली व्हय बंद?"

"बोल्ट तुटलाय."

"कशाचा?"

"इंजिनाचा. फाउंडेशनचा."

नानांनी एक्सेल स्टँडला लावली आणि माझ्या गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. बाजारात बैल बघतात तशी. पुढून, मागून, मग वाकून खालून. दात बघायचेच काय ते राहिले. मग सरळ झाले.

"ह्ये इंजान हिचं न्हवं."

दोन वेळा नाक्यावर हवालदारानं थांबवलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दाम काळा रंग मारून घेतला होता मी.

"कशावरनं ओळखलं?"

"रंग नवा हाय आनि घान जुनी." त्यांनी फटीतलं काळं बोटानं खरवडून माझ्यापुढं धरलं. "हिचं कुठं गेलं मग?"

"घरी आहे. पोत्यात."

"जळालं?"

"नाही, चालू आहे."

"चालू हाय?" नाना जवळच्या दगडावर टेकले. दूध नासायची भीती दिसत नव्हती. "मग काढलं कशापायी?"

मी ताकदीचं सांगितलं. तेरा आणि सतरा घोडे सांगितले. खर्च विचारला, तो चौतीस हजार हा खरा आकडा निघून गेला. घरी मी एकोणीस सांगितलाय. परक्या माणसापुढं खरं का बोलावंसं वाटतं, कोण जाणे.

नानांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी एका घोड्याला साडेआठ हजार. चौतीस हजारात पुसेगावच्या यात्रंत खिलार खोंड आला आस्ता पावणं. आनि त्यो बंद पडत न्हाई, नुस्ता बसतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. "आमच्या थोरल्यानं बी आसंच केलतं," म्हणाले. "हिरीवर तीनाची मोटर हुती. भावकीनं पाचाची बसिवली म्हनून ह्यानं बी पाचाचीच आनली. पायपी त्याच, पायपीच्या बुडाचा फुटबॉल वाल त्योच. पयल्या दिशी पानी ह्ये आसं." त्यांनी हात डोक्यावर नेला. "समदं गाव बघाया आलं. तिसऱ्या दिशी पायपीचा जोड उडाला. पायपी बदलल्या. मग स्टार्टर जळाला. मग केबल. मग डीपीवरनं भांडनं."

"पण आता चालते ना मोटर?" मी विचारलं. मला कुठंतरी बाजू हवी होती.

"चालती की. अर्ध्या तासात हीर उपसती आनि बसती बोंबलत. हीर तेवढीच की ओ."

यावर मी त्यांना चेनची लाइन समजावून सांगायला गेलो. पुढचं सॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मागच्याच्या ओळीत असावं लागतं, माझं चार मिलिमीटर बाहेर आहे, मिस्त्रींनी वायसर घालून भरपाई केलीय, वगैरे. नाना ऐकत होते. मध्येच त्यांनी तुटक्या बोल्टाचा तुकडा माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे धरला. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट, गंजलेला होता आणि राहिलेला चंद्रकोरीएवढा नवा, चमकता.

"ह्यो आज न्हाई तुटला," म्हणाले. "आज नुस्ता पडला."

ते बरोबर होतं. बोल्ट पहिल्या आठवड्यापासून चिरत चाललेला असणार. गाडी आरसे दिसेनासे होतील एवढी थरथरायची आणि मी बायकोला सांगायचो की हाच तर पॉवरचा फील. पाच महिने आणि चौतीस हजार घालून मला जे कळलं नव्हतं ते एका दूधवाल्यानं पाच मिनिटांत, किटल्या उन्हात ठेवून सांगितलं. राग आला, खोटं कशाला बोलू. त्यांचा नाही. पण समोर तेच होते.

कागदाचं त्यांनी विचारलं नाही, तेवढा मोठेपणा दाखवला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला आता पाठ आहे. आरसी बुकात जे नोंदलंय त्याहून गाडी वेगळी करायची नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकानं केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. प्रत्येक बदलाला! इंजिन एक, सायलेन्सर दोन, फिल्टर धरला तर तीन. वेल्डिंग कशात मोजतात कोण जाणे. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. एकानं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा. आणि २०१९ सालीच त्याच कंपनीची २०० सीसीची, तसल्याच उंच चाकांची एक्सपल्स आलीय, शोरूममध्ये सरळ पैसे मोजून मिळते, हे घरात रोज एकदा ऐकवलं जातं. भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय तिथंच जातो.

"आता खाली कसं न्यायचं?" मी म्हणालो. "टेंपो बोलवावा लागणार."

"खाली जायला इंजान कशाला लागतंय?" नाना उठले.

पक्कड त्यांच्याचकडे होती. आम्ही चेनचं लॉक काढलं. इंजिन एक्सेलच्या रबरानं चेसिसला आवळलं. ओघळती चेन ठेवायला जागा नव्हती, नाना म्हणाले घाला गळ्यात, आणि मी घातली. काय करणार? मग ब्रेकवर पाय ठेवून सतरा घोड्यांची गाडी बिनआवाजाची घाट उतरली, पुढं नाना, किटल्या खडखडवत. वर चढणारे धावपटू बाजूला होत होते. पोपटी बनियनवाले गृहस्थ आता परतीला लागलेले, त्यांनी मला ओलांडू दिलं आणि अंगठा दाखवला. समर्थ मंदिरापाशी क्लासला निघालेल्या पोरांचं एक टोळकं उभं होतं. त्यातला एक ओरडला, "काका, चेन किती तोळ्याची?"

सातारा पश्चिमेकडून पूर्वेला उतरता आहे, याचे उपकार मी आयुष्यात प्रथमच मानले. राजवाड्याच्या अलीकडं एके ठिकाणी गाडी थांबली तेव्हा नानांनी एक्सेलवर बसूनच माझ्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला आणि ढकलत गॅरेजच्या दारात सोडलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. जाता जाता विचारलं मात्र.

"किती देती?"

"पंचवीस."

"माजी साठ," म्हणाले आणि गेले.

मिस्त्रींनी गाडी बघितली. बोल्ट बघितला, पट्टी बघितली, चेन माझ्या गळ्यात बघून काही बोलले नाहीत. बराच वेळ मांडी घालून इंजिनाकडं बघत बसले आणि मग म्हणाले, "इंजिनात काय न्हाई ओ. चेसिस बारकी पडती."

"मग?"

मागं पत्र्याखाली त्यांनी एक सांगाडा दाखवला. हे इंजिन ज्या करिझ्मातून काढलं तीच. टाकी आहे, चाकं आहेत, फाउंडेशनची भोकं कंपनीचीच. कागदपण आहेत म्हणे, क्लिअर. बारा हजार म्हणत होते, काल फोन आला, दहाला देतो.